मीटरची केबल बदलण्याआधी
प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या पिढीतल्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

गाडीचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा, म्हणजे स्पीडोमीटरचा, काटा शून्यावरून हलेनासा झाला की बहुतेक मालक आम्हाला फोनवर एकच सांगतात: "मीटरची वायर तुटलीय, नवीन टाकून द्या." वायर तुटलेली असते हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण ती का तुटली हे न बघता नवीन टाकली, तर तीही तुटते, आणि कधी कधी मूळ मीटरही कामातून जातं. केबल काही फार महाग वस्तू नाही. मीटर मात्र आता नवं मिळत नाही. मुंबईतली नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. टॅक्सी भरपूर होत्या तेव्हा सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं, म्हणून ते बनतही होते. आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात जे हाती लागेल तेच. म्हणून आमच्याकडे केबलचं काम आलं की आम्ही आधी मीटर बघतो.

केबल नेमकं काय करते

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) निघतो तिथे, एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, असतं. चाकं फिरली की ते फिरतं. त्याला जोडलेली केबल इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वर डॅशबोर्डमध्ये जाते. केबल म्हणजे दोन वस्तू: बाहेरचं न फिरणारं कव्हर आणि त्याच्या आत फिरणारी पोलादी तार. ही तार एकसंध नसते. बारीक तारांचे थर एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळून ती बनवतात, म्हणून ती वाकलेली असतानाही फिरू शकते. तिची टोकं बहुधा चौकोनी केलेली असतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर ही तार मिनिटाला सहाशे ते हजार वेळा फिरते. नेमका आकडा गाडीगाडीनुसार बदलतो.

वर मीटरमध्ये ही तार एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. ओढ आणि अडवणूक जिथे सारखी होते, तिथे काटा थांबतो. १९०२ साली ऑटो शुल्झ या जर्मन माणसाने याचं पेटंट घेतलं. पद्मिनी, अँबॅसॅडर, जुनी जीप, सगळ्यांच्या मीटरचं तत्त्व तेच. बॅटरी काढून ठेवली तरी असं मीटर वेग दाखवतं.

किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते त्याच तारेवरून, पण दातेरी चाकांनी फिरतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोष कुठे आहे ते घरबसल्या कळायला त्याचाच उपयोग होतो.

गाडी आणण्याआधी इतकं बघा

काटा मेला आहे पण आकडे पुढे सरकतायत? मग केबल धडधाकट आहे. दोष मीटरच्या आत आहे, आणि कोणी केबल बदलायला सांगितलं तर पैसे देऊ नका. काटा चालतोय पण आकडे अडकलेत, तरीही केबलचा दोष नाही. दोन्ही बंद असतील तर केबल, खालचं पिनियन किंवा मीटरचा जाम झालेला दांडा (तार ज्याला फिरवते तो), यांपैकी काहीतरी.

काटा थरथरत असेल, म्हणजे चाळीस आणि साठच्या मध्ये नाचत असेल, तर तार कोरडी पडली आहे किंवा केबलला कुठेतरी चिमटा बसला आहे. थंडीत सकाळी डॅशबोर्डमागून किंचाळल्यासारखा आवाज येतो, तोही कोरडेपणाचाच. अशा गाडीला नुसतं ग्रीसिंग पुरतं, पण ते वेळेवर व्हायला हवं. आवाज महिनोन्महिने चालू दिला तर मीटरची बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजते. काटा वेगाच्या मानाने फार वर राहत असेल आणि खाली यायला वेळ लावत असेल, तर आत तेल गेलं असण्याची शक्यता आहे.

हे तेल कुठून येतं ते सांगायला हवं, कारण ते अनेकांना पटत नाही. गिअरबॉक्समधल्या पिनियनचं सील (तेल अडवणारी कडी) गेलं की तेल केबलमध्ये शिरतं. फिरणाऱ्या तारेवरचे पीळ त्याला हळूहळू वर चढवतात, आणि ते थेट मीटरमध्ये उतरतं. केबल काढल्यावर वरचं टोक काळ्या तेलाने भिजलेलं दिसलं, तर सील बदलल्याशिवाय आम्ही नवी केबल बसवत नाही. सील स्वस्त आहे. मीटर धुऊन, स्प्रिंग सांभाळून पुन्हा जुळवणं हे घड्याळजीच्या हाताचं काम आहे.

तुटलेल्या तारेची जागाही काही सांगते. वरच्या टोकाजवळ पिळून तुटली असेल तर मीटर जड झालं आहे, तारेला ते फिरवता आलं नाही. मध्येच तुटली असेल तर तिथे तीव्र वळण होतं. खालच्या टोकाचा चौकोन गोल झाला असेल तर पिनियनचं भोक तपासायचं. म्हणून जुनी केबल फेकून देऊ नका, तुकडे असतील तर तेही घेऊन या.

काम कसं होतं

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. डॅशबोर्डमागे हात घालायचा असतो आणि जुन्या वायरिंगची इन्सुलेशन तडकलेली असते. मग जुनी केबल कुठून कशी गेली आहे त्याचे मोबाइलवर फोटो. हे काम घरी करणाऱ्यांनीही ही पायरी वगळू नये. मीटरमागचा खाचांचा नट हातानेच सुटतो, तिथे पकड लावली की मीटरच्या मळसूत्राचं नुकसान होतं. खालच्या बाजूला गाडी भक्कम स्टँडवर घेऊनच जायचं, नुसत्या जॅकवर कधीही नाही. खालचा नट सोडताना थोडं गिअरबॉक्स ऑइल ठिबकू शकतं.

नवी केबल जुन्या केबलशेजारी लांब करून ठेवतो. कव्हरची लांबी आणि कव्हराबाहेर येणारी तारेची लांबी, दोन्ही जुळायला हवीत. तार बाहेर जास्त आली तर नट आवळताच ती मीटरचा दांडा आत ढकलते आणि थोड्याच दिवसांत मीटर संपतं. कमी आली तर सुटते. पद्मिनी जिच्यावरून बनली त्या इटलीतल्या फियाट ११०० साठी विकली जाणारी केबल परदेशातून मागवणाऱ्यांना एक सूचना: त्या गाड्यांचं स्टिअरिंग सहसा डावीकडे, आपलं उजवीकडे. केबलची वाट वेगळी, त्यामुळे लांबी जुळेलच असं नाही. मागवण्याआधी आपली केबल टेपने मोजा.

ग्रीस पातळ आणि थोडंच लावायचं. इंजिन ऑइल अजिबात नको, ते वाहून मीटरमध्ये जातं. आमची पद्धत अशी: तार बाहेर काढून हलका हात फिरवतो, आत सारतो, मग वरच्या टोकाने वीसेक सेंटिमीटर पुन्हा बाहेर ओढून तेवढा भाग फडक्याने पुसून घेतो. मीटरजवळचा भाग जवळजवळ कोरडा राहिला पाहिजे.

मीटरचा दांडा बोटांनी फिरवून बघतो. जड लागला तर तिथेच थांबून तुम्हाला फोन करतो. जड मीटरवर नवी केबल चढवण्यात अर्थ नाही.

केबल नेताना कुठेही १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण द्यायचं नाही, आणि मीटरपासून निदान पहिले ५ सेंटिमीटर सरळ ठेवायचे. सायलेन्सरच्या पाइपपासून दूर. पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला बसणारा रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची कड कव्हर कापते आणि पावसाळ्यात पाणी थेट पायाशी येतं. कोकणात फिरणाऱ्या गाड्यांमध्ये कव्हर बाहेरून ठीक दिसतं पण आतून गंजलेलं असतं. तिथे नुसती तार बदलून भागत नाही, पूर्ण केबलच घ्यावी.

शेवटी चाचणी. ताशी ६० किलोमीटरला एक किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत व्हायला हवा. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं, जीपीएसही चालतं. मीटर सतत कमी किंवा जास्त दाखवत असेल तर टायर वेगळ्या मापाचे आहेत का ते बघायचं. पद्मिनीचे मूळ टायर ५.२० - १४ मापाचे. चाकाचा व्यास बदलला की वाचन बदलतं, त्यात केबलचा दोष नसतो.

आकड्यांबद्दल

मीटर उघडावं लागलं तर जुने किलोमीटर जसेच्या तसे ठेवतो. आकडे मागे फिरवण्याचं काम आम्ही कुणासाठीही करत नाही. मीटरच बदलावं लागलं, तर जुन्या आणि नव्या मीटरवरचे आकडे तारखेसह बिलावर लिहून देतो. पुढे गाडी विकताना तो कागद घेणाऱ्याला दाखवा. मूळ मीटर तुमचं आहे, ते बिघडलेलं असलं तरी परत मागून घ्या. त्याच्या काचेचा आणि डायलचा पुढे उपयोग होतो.

नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची असेल तर तारखेच्या आदल्या दिवशी येऊ नका. केबल एका तासात बसते, पण सील किंवा मीटरचं काम निघालं तर दिवस लागतात. निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. येताना जुनी केबल आणि आधीची बिलं आणा, आणि काटा कोणत्या वेगाला नाचतो ते सांगा. गाडी रोज चालवणाऱ्यालाच ते नीट माहीत असतं.