ऑपरेशनच्या दिवशी पाय किती हलत होते?

बेळगावात कुणाला मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, की दिवस मावळायच्या आत चार माणसं घरी येऊन एकच गोष्ट सांगून जातात. "मणक्याला हात लावू देऊ नकोस बघ. वडगावच्या अमक्याच्या आईला चालत नेलं होतं, खाटेवरनं आणलं." डोक्याच्या ऑपरेशनचंही तेच, फक्त तिथं 'माणूस वेडसर होतो' एवढी भर पडते. ही उदाहरणं खोटीच असतात असं नाही. पण 'चालत नेलं' म्हणजे कसं चालत, हे कुणी विचारत नाही. दोघांनी काखेत धरून, पाय ओढत, लघवीची नळी घालून नेलेलं माणूसही वर्षभरानं गल्लीच्या आठवणीत 'चालत' गेलेलं असतं. आणि जो गाठ काढून घेऊन तीन महिन्यांनी गणपत गल्लीत पिशवी घेऊन बाजार करत फिरतोय, त्याची गोष्ट कोण कुणाला सांगत बसणार?

मेंदूतली किंवा मज्जारज्जूतली (मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरीतली) गाठ काढल्यावर माणूस कसा राहील, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. गाठ कुठल्या जातीची, कुठं बसलेली, किती निघाली, रुग्णाचं वय, साखर, सर्जनचा सराव. मात्र मज्जारज्जूच्या बाबतीत एक गोष्ट या सगळ्यांच्या वरचढ ठरते आणि ती ऑपरेशन थिएटरचं दार उघडण्याआधीच ठरून गेलेली असते. त्या दिवशी पायांत किती ताकद शिल्लक होती? लेखातली निम्मी जागा मी याच एका प्रश्नाला देणार आहे, कारण त्यामागची यंत्रणा मला फार आवडते.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि छातीच्या भागात जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. पायांना जाणारे सगळे हुकूम आणि पायांकडून वर येणाऱ्या सगळ्या खबरी तेवढ्या जागेतून जातात. भोवती मज्जाद्रव, थोडी चरबी आणि त्याबाहेर हाड. गाठ वाढू लागली की आधी द्रव बाजूला होतो. त्यामुळं मेनिंजिओमासारख्या (मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणातून उगवणाऱ्या) संथ गाठीत काही वर्षंसुद्धा काहीच जाणवत नाही. जागा संपली की मग रज्जू दबायला लागतो.

दबला की तंतू तुटले, असं आपण धरून चालतो. खरं तर आधी दबते ती नीला, रक्त परत नेणारी वाहिनी. धमनीत रक्ताला जोर असतो, नीलेत तो नावालाच असतो. त्यामुळं नीला चपटी होते आणि धमनी मात्र रक्त आणून टाकतच राहते. चर बुजलेल्या उसाच्या रानात पाट चालू ठेवला तर काय होतं, हे कृष्णाकाठच्या अथणी-कागवाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. रज्जूतही तसाच निचरा थांबतो, केशवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि रज्जू सुजतो. सुजला की जागा आणखी कमी, नीला आणखी दबलेली, सूज आणखी जास्त. डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड नेमकं इथं उपयोगी पडतं. गाठ असते तशीच राहते, पण केशवाहिन्यांची गळती कमी होते आणि कधीकधी एका रात्रीत पाय हलायला लागतात. घरच्यांना वाटतं, इंजेक्शननं गाठ विरघळली, आता ऑपरेशन कशाला? सूज ओसरून मिळालेली ही सवड ऑपरेशनच्या तयारीसाठी असते.

सूज हा पहिला टप्पा, दुसरा तंतूवरच्या वेष्टणाचा. मज्जातंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, त्याच्या जोरावर संदेश वेगानं धावतो. सततच्या दाबानं हे वेष्टण झडतं. तंतू आत शाबूत असतो, पण संदेश रखडतो किंवा वाटेतच विरतो. या टप्प्यातलं माणूस रोजच्या व्यवहारात ओळखू येतं. जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय ताठ होतात. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कुठं आहेत ही खबर वर पोचत नाही आणि तोवर डोळेच ते काम करत असतात. आणि सगळ्यात बोलकी खूण चपलेची. चालता चालता पायातली चप्पल निसटून मागं राहते, माणूस चार पावलं अनवाणी जातो आणि मागून कुणीतरी हाक मारल्यावर त्याला कळतं. अंगठ्याची कोल्हापुरी (जी आपल्या अथणी-निपाणीतही बनते, हे जाता जाता) पायात धरून ठेवायला बोटांना सतत बारीक काम करावं लागतं. बुटात हे लक्षात यायला उशीर होतो.

तिसऱ्या टप्प्यात धमनीचं रक्तही पुरेनासं होतं आणि तंतू मरतात. हातातला मज्जातंतू तुटला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूतला तंतू तसा वाढत नाही.

आता सर्जन काय करतो ते बघा. तो दाब काढतो. पुढचं सगळं शरीराचं काम. सुजेमुळं गेलेली ताकद काही तासांत किंवा दिवसांत परत येते. वेष्टण झडल्यामुळं गेलेली ताकद आठवडे-महिने घेते, कारण वेष्टण नव्यानं चढावं लागतं. मेलेल्या तंतूंची ताकद येत नाही. तोच सर्जन, तोच मायक्रोस्कोप, त्याच जातीची गाठ, आणि एक बाई घरी चालत जाते, दुसरी खाटेवर. दोघींत फरक असतो तो कुठल्या टप्प्यावर आल्या याचा.

वेगाचाही हिशेब करावा लागतो. संथ गाठीला रज्जू जुळवून घेतो, पार चपटा होऊनही जिवंत राहतो. १८८७ च्या जूनमध्ये लंडनला सर्जन व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूवरची गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, तो रुग्ण होता ४२ वर्षांचा सैन्यातला कॅप्टन. दुखणं तीन वर्षांचं, पाय पूर्ण गेलेले. मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी एमआरआय तर सोडाच, एक्स-रेदेखील नसताना, नुसती संवेदना कुठपर्यंत आहे ते तपासून गाठीची जागा सांगितली. मणका उघडला तर गाठ दिसेना. आणखी वरच्या मणक्याची मागची कमान काढल्यावर बदामाएवढी गाठ सापडली. पुढच्या वर्षी तो गृहस्थ काठीशिवाय चालत होता.

कॅन्सर दुसरीकडून मणक्यात उतरतो तेव्हा एवढी उसंत मिळत नाही. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट इथला कॅन्सर मणक्याचं हाड पोखरतो आणि काही दिवसांत रज्जू दाबतो. या रुग्णांवर पॅचेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त किरणोपचार, दुसऱ्याला आधी शस्त्रक्रिया आणि मग किरणोपचार. उपचारानंतर चालू शकणारे पहिल्या गटात ५७ टक्के, दुसऱ्यात ८४ टक्के. त्यांची चालण्याची क्षमता टिकली ती पहिल्या गटात मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १३ दिवस आणि दुसऱ्यात १२२ दिवस. ज्यांचे पाय पूर्ण जाऊन ४८ तास उलटले होते, त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं.

गाठ रज्जूच्या बाहेर आहे की आत, यानंही फार फरक पडतो. मेनिंजिओमा आणि श्वानोमा (नसेच्या वेष्टणातून उगवणारी गाठ) या बहुतेक वेळा साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी, रज्जूच्या बाहेर, आवरणाच्या आत. त्या सोडवून काढता येतात. एपेंडिमोमा रज्जूच्या आतच असतो, पण त्याला बहुधा कड असते. ॲस्ट्रोसायटोमाला कड नसते, तो तंतूंच्या मधूनमधून पसरतो आणि पूर्ण काढायला गेलं तर चांगले तंतूही जातात. आतल्या गाठीपर्यंत जायला रज्जू मागून, बरोबर मध्यरेषेवर उघडतात. तिथं दोन्ही बाजूंना पश्चस्तंभ असतात, पायाची स्थिती वर कळवणारे. म्हणून अशा ऑपरेशननंतर पायात ताकद असूनही पाय कुठं पडतोय ते कळत नाही, अंधारात तर नाहीच, आणि माणूस सुरुवातीला आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी सांगितलेलं नसलं तर घरचे हादरतात. या गाठींसाठी मॅककॉर्मिक यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांची मोजपट्टी केली, आणि तेव्हापासूनचे अभ्यास फिरून फिरून तिथंच येतात: आधीची पायरी जितकी चांगली, तितकी नंतरची.

मग उशीर होतो कुठं? पाठदुखी कुणाला नसते. शंभर पाठदुख्यांत गाठ क्वचितच निघते, हे खरंच आहे, आणि आपल्याकडे मणक्याचा क्षयही असाच वागतो. पण रात्री झोपेतून उठवणारी, आडवं झाल्यावर वाढणारी पाठदुखी, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ, पायांचा ताठरपणा, लघवीला बसून वाट बघावी लागणं, यांतलं काही असेल तर हाडवैद्याकडे पाठ चोळून, ओढून घेऊ नये. गाठीनं पोखरलेला मणका त्या ओढाताणीत खचू शकतो. मेंदूतल्या गाठीनं फिट आली की 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावणारेही अजून आहेत. या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा आला, कर्नाटकात २०१७ साली. पण लिंबू उतरवण्यात तीन आठवडे घालवले तर ते काही कुठल्या कलमानं परत मिळत नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या 'गाठ विरघळवणाऱ्या' काढ्यांबद्दलही माझं मत वेगळं नाही. आणि 'बिनटाक्याचं, लेझरनं' अशा मोठ्या फलकांनाही मी त्याच रांगेत बसवतो.

सीमाभागातला उशीर आणखी एका तऱ्हेचा आहे. पूर्वी दुखणं मोठं झालं की 'मिरजेला न्या' हे ठरलेलं. आता बेळगाव, कोल्हापूर, हुबळी तिन्हीकडे न्यूरोसर्जन आहेत, तरी बंगळूरचं निम्हान्स (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांची मोठी सरकारी संस्था) पाचशे किलोमीटर दूर. त्यात कार्ड कुठल्या राज्याचं आणि दवाखाना कुठल्या राज्यात, ही भानगड. २०२३ साली महाराष्ट्रानं आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. राजकारण काय ते चालू दे. पण पाय जड पडत चाललेल्या माणसानं कागदासाठी आठवडाभर थांबायचं नसतं, हे तालुक्याच्या डॉक्टरनं पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगायला हवं.

मेंदूच्या गाठींचं थोडक्यात. तिथं गाठीची जात सगळ्यात आधी बघतात. मेनिंजिओमा किती मुळापासून काढला यावर तो परत येणं ठरतं, हे डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ मध्ये दाखवलं: गाठ, तिचं आवरण आणि खालचं हाड काढलं तर परत येण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्के, गाठ अर्धवट ठेवली तर ४० च्या आसपास. ग्लिओब्लास्टोमा मात्र मुळापासून निघतच नाही; ग्लिओमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणाऱ्या गाठी, त्यांतली ही सगळ्यात घातक. वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली ग्लिओमासाठी मेंदूचा अर्धा गोलार्ध काढून बघितला, तरी गाठ दुसरीकडे उगवली. आज ५-एएलए हे औषध पाजून गाठ निळ्या प्रकाशात गुलाबी चमकवतात. २००६ च्या चाचणीत त्यामुळं दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. ग्लिओब्लास्टोमात किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या गोळ्यांची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य १२.१ वरून १४.६ महिने झालं, २००५ सालचा हा आकडा. अडीच महिने. थोडे वाटतात, पण ज्यांच्या गाठीत एमजीएमटी हे (या औषधानं गाठीला केलेली इजा दुरुस्त करणारं) जनुक निद्रिस्त असतं त्यांना जास्त लाभ होतो, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ही तपासणी बघावी.

गाठ भाषेच्या भागाजवळ असेल तर रुग्णाला जागं ठेवून, चित्रं ओळखायला लावून ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत काही जागा एका भाषेच्या, काही दुसरीच्या असू शकतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही असलेल्या खानापूरच्या माणसानं हे आधी सांगायला हवं. डॉक्टरांनी फक्त कन्नडमध्ये चित्रं विचारली, आणि घरी आल्यावर आईशी बोलताना शब्द सापडेनात, असं होऊ नये.

ऑपरेशननंतर बहुतेक घरांत दोन चुका होतात. 'हलायचं नाही' आणि 'हे खायचं नाही'. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात (मेंदूच्या गाठीच्या रुग्णांत हा धोका मुळातच जास्त), पाठीला जखमा होतात, स्नायू झडतात. सर्जननं परवानगी दिली की फिजिओथेरपिस्ट म्हणेल त्या दिवसापासून उठायचं. वातूळ म्हणून डाळ बंद, उष्ण म्हणून अंडी बंद, आणि मग टाके भरत नाहीत म्हणून दवाखान्याला दोष. स्टेरॉइडनं साखर चढते, ती तपासत राहावी, पण गोळ्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नयेत. त्या हळूहळूच उतरवायच्या असतात.

ग्लिओमा काढल्यावर पहिला एमआरआय शक्यतो ७२ तासांच्या आत करतात. त्यानंतर भरत येणाऱ्या जखमेच्या कडाही इंजेक्शनच्या औषधानं उजळायला लागतात आणि उरलेली गाठ कुठली, जखम कुठली, हे सांगणं अवघड होतं. पुढचे सगळे फोटो त्या पहिल्याशीच ताडून बघायचे असतात. म्हणून त्याची फिल्म आणि सीडी, नुसता कागदी रिपोर्ट नव्हे, दवाखान्यातून मागून घ्यावी आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेलात तरी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावी.