बॉयकॉट आणि बहिष्कार: एका आडनावाची पार्श्वभूमी

कॅप्टन बॉयकॉटची गोष्ट बहुतेकांनी शाळेत नाहीतर कुठल्यातरी सदरात वाचलेली असते. आयर्लंडमधला मेयो परगणा, १८८० साल, उमरावाच्या जमिनीचा कारभार पाहणारा इंग्रज माणूस. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडला. मग गडी गेले, दुकानदारांनी माल देणं बंद केलं. त्याचे बटाटे आणि सलगम काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजारभर शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड उडाल्याचा हिशेब मांडला गेला.

कमी सांगितला जाणारा भाग शब्दाचा. यासाठी असलेला जुना ग्रीक वळणाचा शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून गावच्या पाद्र्याने साहेबाचं आडनावच वापरायचं सुचवलं, असं एका अमेरिकी वार्ताहराने लिहून ठेवलं आहे. २० नोव्हेंबरला लंडनच्या वृत्तपत्रात हे क्रियापद छापून आलं, तेव्हा साहेबाने अजून घरही सोडलेलं नव्हतं. १८४१ पर्यंत हे घराणं आडनाव 'बॉयकॅट' असं लिहायचं. वडिलांनी ते बदललं नसतं, तर आज आपण एखाद्या सिनेमाला 'बॉयकॅट' करत असतो.

मराठीत मात्र हे आडनाव उशिरा रुळलं, कारण त्याची जागा आधीच भरलेली होती. आपल्याकडे बहिष्कार होता, ग्रामण्य म्हणजे जातीने भरवलेला दोषनिवाडा होता, वाळीत टाकणं होतं. खरा गुंता इथेच आहे. मेयोतल्या कुळांनी वरच्याला एकटं पाडलं. आपल्याकडचा बहिष्कार उलट्या दिशेचा: जातीने, गावकीने, धर्मपीठाने एकट्यादुकट्यावर टाकलेला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी पाद्र्यांकडचा चहा घेतला, तर ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तो चहा घेणाऱ्यांपैकीच एकाने, म्हणजे लोकमान्य टिळकांनी, पुढे १९०५ नंतर बहिष्कार हा शब्द स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या ओळीत बसवला. ज्या शब्दाचे चटके स्वतः सोसले, तोच सरकारवर उगारायचा, ही चलाखी मला त्या काळातल्या पुष्कळ भाषणांपेक्षा मोठी वाटते. पण त्यामुळे दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. क्रियापदसुद्धा तेच राहिलं. माणसाला वाळीत 'टाकतात', विलायती कापडावर बहिष्कारही 'टाकतात'.

हा गोंधळ कायद्यातही उतरला. १९४९ साली मुंबई प्रांताने जातीतून वा पंथातून बाहेर काढण्याला बंदी करणारा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात शब्द होता 'एक्सकम्युनिकेशन', म्हणजे थेट धर्माच्या अंगणातला. एका धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी कायदा रद्द ठरवला. पंथाला आपला कारभार चालवण्याचं स्वातंत्र्य आहे, त्यात असा अधिकारही येतो, असं बहुमताचं म्हणणं. बाहेर काढलेल्याला दफनभूमीतही जागा मिळत नाही, ही बाब त्या तराजूत हलकी ठरली, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल पुन्हा तपासायची गरज मान्य केली आणि प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला.

दरम्यान रायगड-रत्नागिरीकडून वाळीत प्रकरणांच्या बातम्या येतच राहिल्या. पाणी बंद, किराणा बंद, बोलणाऱ्याला दंड. २०१६ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या वेळी इंग्रजी नावात आलं 'सोशल बॉयकॉट'. कुळांनी छळलेल्या कारभाऱ्याचं आडनाव असं गावकीने छळलेल्या कुटुंबांच्या बाजूने राजपत्रात येऊन बसलं.

क्रिकेटवाल्यांना हे आडनाव वेगळ्या कारणाने आठवेल. याच आडनावाच्या यॉर्कशरच्या सलामीवीराने डिसेंबर १९८१ मध्ये दिल्लीत कसोटी धावांचा विश्वविक्रम मोडला, आणि काही महिन्यांतच जगाने खेळात वाळीत टाकलेल्या दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला. तीन वर्षांची बंदी आली. बॉयकॉटनेच बॉयकॉट मोडला, हा विनोद तेव्हा आयताच हाती लागला.

रोजच्या वापरात आता दोन्ही शब्द सुखाने नांदतात. सिनेमा, मोबाइल, चिनी माल यांना 'बॉयकॉट'. गावात रस्ता नाही म्हणून मतदानावर मात्र 'बहिष्कार', तोही वेशीवर फलक लावून. आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकारच्या चहापानावर विरोधकांचा बहिष्कार तर इतका ठरलेला, की एखाद्या वर्षी ते गेले तर तीच बातमी व्हायची.