संगणक मंदावणे : निदान आणि दुरुस्ती

घरातला संगणक पूर्वीपेक्षा सावकाश चालणे, मध्येच हँग होणे किंवा आपोआप बंद पडणे, यामागचे कारण शोधून ते दूर करण्याची रीत. तक्रार बहुधा ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ एवढीच असते. कारण मात्र अपुरी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), झिजलेली डिस्क, धुळीने भरलेला पंखा किंवा घुसखोर प्रोग्राम यांपैकी काहीही असू शकते. ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा बसवा, हा सर्रास मिळणारा सल्ला यांत भेद करत नाही. विंडोज नव्याने बसते, चार दिवस बरे वाटते आणि डिस्कच खराब असेल तर दुखणे परत येते. बॅकअप न घेता फॉरमॅट केलेला असेल, तर घरचे फोटोही गेलेले असतात.

निदानाची सुरुवात संगणक अडखळत असतानाच करावी. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू), मेमरी (रॅम), डिस्क आणि नेटवर्क यांपैकी कशावर ताण आहे ते दिसते. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. इथे ‘डिस्क १०० टक्के’ दिसल्यावर अनेकांना डिस्क भरली असे वाटते आणि ते डेस्कटॉपवरच्या फायली उडवत बसतात. खरे तर तो आकडा डिस्क सतत कामात गुंतली आहे एवढेच सांगतो. फायली काढल्याने वेग वाढतो तो सी ड्राइव्ह (डिस्कचा विंडोज असलेला भाग) जवळजवळ तुडुंब असेल तेव्हाच.

जुन्या यंत्रांत मंदगतीचे मूळ बहुतेक वेळा रॅम आणि हार्ड डिस्क यांच्या जोडीत सापडते. रॅम कमी पडली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर उतरवते आणि लागेल तसा परत आणते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब उघडले की ही ने-आण अखंड चालू राहते. हार्ड डिस्क ही फिरणारी तबकडी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या सुईखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते; सुईचा दांडा सरकण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला साधारण शंभरच वाचून होतात. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्क तर आणखी हळू. एसएसडी या चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ती हेच काम हजारोंच्या हिशेबात करते. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकावरचा सर्वांत गुणकारी खर्च आहे; त्यानंतर रॅम ८ जीबी करणे. रॅम घेताना ती डीडीआर३ प्रकारची की डीडीआर४ ते पाहावे, एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर (मुख्य सर्किट पट्टीवर) पक्की जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना त्रुटी येत असतील, तर बाकी सगळे सोडून आधी बॅकअप घ्यावा. मरणासन्न डिस्कवर तपासणीचे किंवा डीफ्रॅगचे (विखुरलेल्या फायली सलग लावण्याचे) प्रोग्राम चालवले तर तिचे उरलेले आयुष्य त्यातच जाते. बॅकअपमध्ये जुने मराठी फॉन्टही घ्यावेत. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकलेखन प्रणालींत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि फॉरमॅटमध्ये फॉन्टही पुसले जातात.

संगणक सुरू होतानाच रखडत असेल, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातले अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. विंडोज ८ पासून (२०१२) ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणकही आतून कित्येक दिवस नव्याने सुरू झालेला नसतो. ‘रीस्टार्ट’ने मात्र तो खरोखर नव्याने सुरू होतो.

सुरुवातीला नीट चालून अर्ध्या तासाने दमणारा संगणक बहुधा तापत असतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, अगदीच तापला तर यंत्र बंद होते. अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ आणि प्रोसेसरची उष्णता तिथवर पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळणे ही नेहमीची कारणे. विदर्भातल्या मे महिन्यात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला हवा घ्यायलाही जागा उरत नाही.

काही बिघाड दिसतात मोठे, असतात किरकोळ. तारीख वारंवार मागे जाते आणि संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत, तेव्हा संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल बहुधा संपलेला असतो. सुरू होताना नुसते बीप वाजून पडदा काळा राहिला, तर रॅमची पट्टी सैल झाली असण्याची शक्यता मोठी. वीज तोडून, पट्टी काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवणे हा दुरुस्ती करणाऱ्यांचा जुना उपाय आहे आणि तो पुष्कळदा लागू पडतो.

अनोळखी प्रोग्राममुळे सीपीयू गुंतलेला दिसला, तर विंडोजमधल्याच डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नयेत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी उघडली तर ती फसवणूकच समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. पैसे गेलेच, तर भारतात लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची खास चिप) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे अनेक संगणक त्या निकषात बसत नाहीत. अशा यंत्रांवर एसएसडी आणि एखादे हलके लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) बसवले, तर मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार आणि युनिकोड मराठी टंकलेखन विनासायास होते.