रोपाला पाणी कोण घालणार? नर्सिंग होममधल्या उपक्रमांची पार्श्वभूमी

अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं खासगी इस्पितळ नव्हे. कायम देखभाल लागणारे वृद्ध तिथे राहतात. मात्र त्याची घडण इस्पितळासारखीच झाली. 1954 मध्ये इस्पितळांच्या बांधकामाचा सरकारी पैसा नर्सिंग होमकडेही वळला. 1965 मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीची तशीच योजना) आल्यावर नर्सिंग होमचं पेव फुटलं. खाटा, औषधांच्या वेळा, परिचारिकांच्या पाळ्या सगळं चोख. माणसाने दिवसभर करायचं काय, हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

1976 मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होमच्या दोन मजल्यांवर एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावर सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच सांगा, आणि हे रोप आवडलं तर घ्या, सांभाळायचं मात्र तुम्ही. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे 15 टक्के लोक वारले होते, दुसऱ्यावरचे 30 टक्के. हे आकडे फार मिरवले गेले. गट लहान होते, आणि आकडेमोडीतली एक चूक पुढे दुरुस्त केल्यावर मृत्यूंमधला फरक तितकासा ठाम उरला नाही, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. तरी रोप देणं वेगळं आणि रोपाची जबाबदारी देणं वेगळं, हा मुद्दा पुढच्या कामाला पुरला.

कायद्याला जाग आली 1987 मध्ये. नव्या सुधारणा कायद्याने सोयीसाठी माणसाला खुर्चीला बांधून ठेवायला मनाई केली आणि प्रत्येकाची आवड पाहून उपक्रम आखणं बंधनकारक केलं. यातून काय झालं? भिंतीवर महिन्याचं वेळापत्रक लागलं आणि त्यात बिंगो हा हाउजीसारखा खेळ आला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवायला वेळापत्रक बरं पडतं.

खरी गंमत झाली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावात. 1991 मध्ये तिथल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये बिल थॉमस हा तरुण डॉक्टर आला. एकटेपणा, असहायता आणि कंटाळा हीच इथली खरी दुखणी, असं त्याचं निदान. त्यावर उपाय म्हणून त्याने दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले. पक्षी पोचले, पिंजरे मात्र यायचे होते. पोचवणाऱ्याने सगळे पक्षी खालच्या मजल्यावरच्या केशकर्तनाच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि तो निघून गेला. पिंजऱ्यांचे सुटे भाग जोडून एकेक पक्षी पकडताना कर्मचाऱ्यांची जी धांदल उडाली, ती बघायला म्हातारी मंडळी काचेपाशी जमून पोट धरून हसत होती. नंतर पक्ष्यांना नावं पडली आणि त्यांची देखभाल तिथे राहणाऱ्या मंडळींकडे आली. शेजारच्या एका नर्सिंग होमशी तुलना केली तेव्हा इथली औषधं निम्म्यावर आलेली दिसली.

हा किस्सा जगभर पोचवला तो अतुल गावंडे या सर्जनने. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. आजोबा सीताराम गावंडे शंभरी उलटल्यावरही घोड्यावरून शेताची फेरी मारत. त्यांच्या भोवती माणसांचा राबता होता, हाताखाली जमीन होती, आणि तिच्याबद्दल त्यांचा शब्द चालत होता.

नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात ह्युमानिटास या वृद्धाश्रमाने 2012 पासून विद्यार्थ्यांना बिनभाड्याची खोली देऊ केली. बदल्यात महिन्याला 30 तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. त्यात काय करायचं, याचं वेळापत्रक कोणी भिंतीवर लावलेलं नाही.