हायवे धुऱ्याला लागला, पण भाव इंटरचेंजला!

कारंजा, शेलूबाजार, मेहकर या पट्ट्यात वावर विकत घेणारा आता पहिल्यांदा विचारतो, ‘इंटरचेंज किती दूर?’ समृद्धी महामार्ग धुऱ्याला लागूनच आहे म्हटलं, तरी तो भुलत नाही. आणि त्याचं बरोबर आहे.

जुन्या रस्त्यावर कुठेही टपरी टाका, गाडी थांबली की गिऱ्हाईक. समृद्धीला ७०१ किलोमीटर कुंपण. चढायचं-उतरायचं फक्त इंटरचेंजवर. मधल्या शेतकऱ्याच्या वाट्याला गाड्यांचा आवाज येतो, आणि पलीकडच्या वावरात जायला अंडरपासचा फेरा.

जमिनीची किंमत बाजारापर्यंतच्या वाहतूक खर्चावर ठरते, हे फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ सालीच मांडलं होतं. इंटरचेंज नेमका हाच खर्च बदलतो, तोही फक्त आपल्या तोंडापाशी. म्हणून गोदामं, धाबे, पेट्रोलपंप तिकडे सरकतात. त्यांचा धंदा रस्त्याशी बांधलेला. सराफ, कापड दुकानदार, डॉक्टर मात्र बसस्टँडजवळच राहतात, कारण त्यांची माणसं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. गावाची पेठ त्यामुळे एकदम मरत नाही. तिच्यातला वाटसरूंवर चालणारा भाग तेवढा गळतो.

इंटरचेंज स्वतः किती जमीन खातो, हा वेगळाच हिशेब. चढायच्या-उतरायच्या वळणावर रस्त्याला दिलेला आडवा उतार आणि टायरची पकड तीच ठेवून वेग दुप्पट करायचा, तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. वळणाच्या आत अडकलेली जमीन ना पेरता येते, ना बांधता. गावाबाहेर हे खपतं. शहराच्या पोटात फार महाग पडतं. अमेरिकेने १९५६ च्या कायद्यानंतर अनेक शहरांच्या मधोमध असे रस्ते नेले. अर्थतज्ज्ञ नॅथॅनियल बॉम-स्नो यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार, मध्यवर्ती शहरातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या महामार्गामागे तिथली लोकसंख्या सुमारे १८ टक्के घटली. सॅन फ्रान्सिस्कोने तर १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झालेला किनाऱ्यावरचा उन्नत मार्ग पाडूनच टाकला.

आपल्याकडे इंटरचेंज गावाबाहेर आहेत, हे बरंच झालं. पण मग गाव आणि इंटरचेंज यांच्यामधल्या जोडरस्त्यावर ले-आउट पडतात. सोयाबीनच्या वावरात मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खांब, घर एखादंच. मला खरी काळजी याची वाटते: चार घरं झाली की नळ, नाली, दिवे नगरपरिषदेकडेच मागितले जातात, आणि तोवर आराखड्यात शाळेला जागा उरलेली नसते.