हे कुठल्या डब्यात?

रात्री स्वयंपाकघर आवरून होतं आणि ओट्यावर एकच वस्तू उरते. टूथपेस्टची रिकामी ट्यूब, खिडकीवाला लिफाफा, नाहीतर बाहेरून कागदी आणि आतून चकचकीत असं एखादं पाकीट. ती हातात घेऊन माणूस दोन डब्यांच्या मधे उभा राहतो. उलटून पाहावं तर तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा. म्हणजे होत असणार रिसायकल! वस्तू निर्धास्तपणे सुक्या कचऱ्यात जाते, आणि पुढच्या फेरीला कचरागाडी तो डबा न उचलताच निघून जाते. वर एक चिठ्ठी: 'चुकीचा कचरा.' काय चुकलं, ते चिठ्ठीत नसतं.

शहरात राहणाऱ्या कुणाशीही या विषयावर बोला, तक्रारी ठरलेल्या असतात. नियम सारखे बदलतात, शेजारच्या शहरातले नियम निराळेच असतात, सगळं धुऊन वेगळं करायचं आणि शेवटी गाडीत ते एकत्रच पडताना बघायचं. यातल्या बऱ्याच तक्रारी रास्त आहेत. घरात आपण वस्तू तिच्या कामावरून ओळखतो: ही बाटली, हा डबा, ही पिशवी. कचरा निवडणाऱ्या प्रकल्पातल्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही. त्याला आकार कळतो, वजन कळतं, चुंबकाला चिकटतं की नाही ते कळतं आणि वस्तूवरून परतणारा प्रकाश कळतो. आपल्यापर्यंत नियम पोहोचतात, यंत्र मात्र कुणी दाखवत नाही.

आधी त्या त्रिकोणाचं पाहू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक त्यानेच केली आहे. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीची ती स्पर्धा होती आणि चिन्ह होतं कागदाच्या पुनर्वापरासाठी. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लॅस्टिकचे प्रकार ओळखण्यासाठी १ ते ७ आकडे ठरवले आणि ते तशाच बाणांच्या त्रिकोणात बसवले. १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक), २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक), आणि ७ म्हणजे 'इतर काहीही'. हा आकडा फक्त वस्तू कशाची आहे एवढंच सांगतो. ती तुमच्या शहरात रिसायकल होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. २०१३ मध्ये मानक ठरवणाऱ्यांनी बाण काढून साधा भरीव त्रिकोण वापरायचं ठरवलं, पण तोवर पंचवीस वर्षं लोक त्या बाणांवर विसंबून डबे भरत होते. आता दोष कुणाला द्यायचा? चिन्ह वाचून वागणाऱ्याला तरी नक्कीच नाही.

आता प्रकल्पात शिरू. सुका कचरा सरकत्या पट्ट्यावर पडतो आणि फिरणाऱ्या चकत्यांच्या रांगांवरून पुढे जातो. पुठ्ठ्याचे मोठे ताव चकत्यांवरून तरंगत जातात, बारीकसारीक वस्तू फटींतून खाली पडतात. सुट्टं झाकण, पेनाचं टोपण, गोळ्यांचं रिकामं पाकीट अशा मुठीत मावणाऱ्या वस्तू इथेच गळतात आणि बहुतेक वेळा काचेच्या चुऱ्यासोबत बाहेर पडतात. पातळ पिशवीचं मात्र उलटं. ती गळत नाही, चकत्यांच्या दांड्याला गुंडाळली जाते. दिवसभरात अशा पिशव्यांची इतकी जाड वेटोळी होतात, की यंत्र थांबवून माणसांना आत उतरावं लागतं आणि ती सुरीने कापून काढावी लागतात. सुका कचरा नीटनेटका पिशवीत बांधून देणाऱ्या टापटीप माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, पण त्याची गाठ मारलेली पिशवी पुष्कळदा न उघडताच बाजूला काढली जाते.

पुढे चुंबक लोखंडी डबे उचलतो. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, म्हणून तिथे वेगाने फिरणारं चुंबकीय चाक असतं. त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात, चाक त्यांना दूर ढकलतं आणि कॅन टुणकन उडी मारून वेगळ्या खणात जाऊन पडतो. ही उडी लाखमोलाची आहे, कारण खनिजापासून नवं ॲल्युमिनियम करण्याच्या मानाने जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. एकाच प्रकारची वस्तू धुऊन-पुसून द्यायची असं ठरवलंत, तर ॲल्युमिनियम निवडा.

प्लॅस्टिकची निवड प्रकाशाने होते. पट्ट्यावरच्या वस्तूंवर अवरक्त किरण टाकतात. प्रत्येक प्लॅस्टिक त्यातल्या ठरावीक लहरी शोषतं आणि उरलेल्या परत पाठवतं, त्यावरून संवेदक प्लॅस्टिक ओळखतो आणि हवेच्या झोताने ते योग्य खणात उडवतो. पण डबा काळा असेल तर? बहुतेक काळा रंग काजळीचा असतो आणि काजळी ते किरण जवळजवळ सगळे गिळून टाकते. यंत्राच्या लेखी तिथे काहीच नसतं. उत्तम प्लॅस्टिकचा, स्वच्छ धुतलेला काळा डबा पट्ट्याच्या टोकापर्यंत जाऊन सरळ कचऱ्यात पडतो. बाटलीला नखशिखांत वेगळ्या प्लॅस्टिकचं वेष्टन असेल, तर संवेदक वेष्टनच वाचतो. हे दोष घरात बसून कुणालाही सुधारता येत नाहीत. ते वस्तू बनवणाऱ्याच्या टेबलावरच ठरून गेलेले असतात.

नियम बदलतात कसे, याचं बाटलीचं झाकण हे माझं आवडतं उदाहरण. 'झाकण काढून टाका' असं कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आता 'झाकण लावूनच टाका' असं सांगतात, आणि लोक वैतागतात. बाटली पेटची, झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं, म्हणून आधी वेगळं करायला सांगत. पण बाटल्यांचा चुरा करून पाण्यात टाकला की पेट बुडतं, कारण त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ १.४ पट असते, आणि झाकणाचे तुकडे तरंगतात. वेगळं करण्याचं काम पाणी फुकटात करतं. सुट्टं झाकण मात्र आधीच चकत्यांमधून गळून गेलेलं असतं. दोन्ही सूचना आपापल्या यंत्रापुरत्या बरोबर होत्या. नवी सूचना देताना कारण सांगितलं असतं, तर 'यांचं रोजचं नवीन' हे वाक्य ऐकू आलं नसतं.

हीच पाण्याची युक्ती पीव्हीसीपुढे हरते. पीव्हीसी आणि पेट यांची घनता जवळपास सारखी, दोन्ही बुडतात. पेट वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि त्याआधीच पीव्हीसीचं विघटन सुरू होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. तो पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतो, माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. चिमूटभर पीव्हीसीने अख्खा घाणा नासतो. एका चुकीच्या वस्तूसाठी पूर्ण डबा नाकारतात तेव्हा तो अतिरेक वाटतो, पण त्यामागे अशी रसायनं असतात.

धुण्याचं काय? भांड्यासारखं लख्ख घासायची गरज नसते, प्रकल्पात गरम पाणी आणि सोडा असतोच. एकदा खळबळून घेतलं तरी पुरे. खळबळायचं खरं कारण शेजारी पडलेला कागद आहे. कागदाचा लगदा पाण्यात होतो, आणि तेल पाण्यात सुटत नाही, तंतूंनाच धरून राहतं. म्हणून तेलकट खोक्याचा कोरडा भाग फाडून द्यावा, तेलकट भाग देऊ नये. कागदाचे तंतूही दर फेरीला आखूड होत जातात. साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरेनासे होतात. हात पुसायचा टिश्यू घेत नाहीत याचं हे एक कारण, त्याचे तंतू आधीच आखूड असतात.

आणि तो गाडीत एकत्र पडणारा कचरा? कधी गाडीला आतून दोन कप्पे असतात, जे बाहेरून दिसत नाहीत. कधी सगळा सुका कचरा एकत्रच न्यायचा असतो. पण कधी लोकांची शंका खरीच असते. निवडलेल्या मालाला गिऱ्हाईक नसेल, तर तो कचराच राहतो. चीनने २०१८ च्या सुरुवातीपासून २४ प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि बाकी बऱ्याच मालात ०.५ टक्क्याहून जास्त भेसळ चालणार नाही असं ठरवलं, तेव्हा दूरदूरच्या शहरांत गठ्ठे साचले आणि त्यातले काही जमिनीत पुरावे किंवा जाळावे लागले. घराघरांत निवडणं चालूच होतं. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं होतं, असा अंदाज २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात मांडला आहे. हा आकडा वाचून कुणाचा उत्साह मावळला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत.

माणसाचं मनही यात आपलं घोडं दामटतं. २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं, की अख्खा कागद लोक रिसायकलच्या डब्यात टाकतात, पण त्याच कागदाचे तुकडे केले की ते कचऱ्यात जातात. चेपलेल्या कॅनचीही तीच गत. कागद तोच, धातू तोच, पण रूप बिघडलं की नजरेला तो 'कचरा' दिसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग फारच साधा होता. त्यात कुणाला काही शिकवलं नाही, फलक लावले नाहीत, फक्त डब्यांना टाकायच्या वस्तूच्या आकाराचं भोक असलेली झाकणं बसवली. त्यात पेयांच्या बाटल्या आणि कॅन टाकण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं, आणि चुकीचा कचरा ९५ टक्क्यांनी घटला.