राजापूर लोकसभा मतदारसंघ

दक्षिण कोकणातील पूर्वीचा लोकसभा मतदारसंघ. १९५७ पासून २००४ पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुका या नावाने झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपला आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ आला. नाव राजापूरचे असले तरी त्याची हद्द दक्षिणेला थेट गोव्याला भिडत होती. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कणकवली हा सारा मुलूख त्यातच येई.

विश्वकोशात या मतदारसंघाला जागा द्यावी लागते ती त्याच्या मतदारांमुळे. १९५७ ते १९८९ या काळातल्या आठही निवडणुकांत त्यांनी दोनच माणसांना लोकसभेत पाठवले. पहिल्या तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै आणि पुढच्या पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते. दोघेही समाजवादी. दोघांकडेही साखर कारखाना नव्हता, बँक नव्हती, शिक्षणसंस्थांचे साम्राज्य नव्हते. दोघांच्या जातीची मतदारसंघात बहुसंख्या नव्हती. दंडवते तर कोकणातलेही नव्हते, त्यांचा जन्म अहमदनगरचा. भारतातला मतदार उमेदवाराचे चारित्र्य पाहून खरोखर मत देतो का, आणि देत असेल तर कोणत्या परिस्थितीत देतो, हे तपासायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

लाटेच्या विरोधात

१९५७ चा पहिला विजय संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरात झाला. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात संयुक्त महाराष्ट्र समितीचे अनेक उमेदवार निवडून आले, त्यामुळे त्या एका निकालावरून फारसे काही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा पुढची. १९६० मध्ये राज्य मिळाले, समिती फुटली, आणि १९६२ मध्ये काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा घेतल्या. नाथ पै मात्र राजापुरातून पुन्हा निवडून आले. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाव’च्या लाटेत काँग्रेसला ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या, आणि राजापूरने नवख्या दंडवत्यांना निवडले. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीत काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या, तरी राजापूर दंडवत्यांकडेच राहिले. तीन वेळा सगळे राज्य एका बाजूला गेले आणि तीनही वेळा हा कोपरा जागचा हलला नाही.

यात निवडणूक चिन्हाची गोष्ट विशेष बोलकी आहे. आपल्याकडे, विशेषतः साक्षरता कमी असलेल्या त्या काळात, मत म्हणजे चिन्हावर शिक्का. प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी होती. १९७७ मध्ये जनता पक्ष आला तेव्हा चक्रातला नांगरधारी शेतकरी आला. १९८९ मध्ये जनता दलाचे चक्र आले. समाजवाद्यांच्या फुटी आणि विलीनीकरणे यांचा हिशेब अभ्यासकांनाही ठेवता येत नाही, मग आंबोलीच्या घाटाखालच्या शेतकऱ्याने तो का ठेवावा? त्याने ठेवलाही नाही. दर खेपेला ‘आपला माणूस कुठल्या चिन्हावर’ एवढे विचारून घेतले आणि तिथे शिक्का मारला. पक्षनिष्ठेने या निकालांचा उलगडा होत नाही, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नाही.

नाथ पै

जन्म १९२२, वेंगुर्ले. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले, युरोपातल्या समाजवादी युवक चळवळीत नाव कमावले, आणि चौतिसाव्या वर्षी लोकसभेत पोचले. त्यांचे वक्तृत्व सभागृहात आणि सभेच्या मैदानात सारखेच गाजे. पण वक्तृत्व ही त्या पिढीत दुर्मीळ गोष्ट नव्हती. नाथांचे वेगळेपण त्यांनी संसदेत निवडलेल्या प्रश्नांत दिसते. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले. ‘नाथ पै विधेयक’ म्हणून ते देशभर चर्चिले गेले. ते मंजूर होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व स्वीकारले. विरोधी बाकावरच्या माणसाने सरकारच्या हाती अधिकार परत द्यायला निघावे, यात पक्षाचा फायदा शून्य होता. आपल्याला जे योग्य वाटते ते मांडायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. (त्या विधेयकाशी सहमत नसलेल्यांनीही हा प्रामाणिकपणा मान्य करायला हरकत नाही.)

हृदयविकार असूनही त्यांनी फिरणे थांबवले नाही. गोवामुक्ती आणि बेळगावचा सीमाप्रश्न हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय होते. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. लोकसभा तेव्हा विसर्जित झालेली होती आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

मधु दंडवते

त्या रिकाम्या जागी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे दंडवते (१९२४–२००५) उभे राहिले. १९४२ च्या लढ्यात आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता. कोकणाशी त्यांचे नाते चळवळीचे होते, गावकीचे नव्हते. बाहेरच्या उमेदवाराला मतदार सहसा थारा देत नाही. इथे दिला, कारण लोकांनी नाथांचा वारस गोतावळ्यात शोधला नाही, वागणुकीत शोधला.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर प्रवासी उघड्या लाकडी फळीवर झोपत. त्या फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी आली ती त्यांच्या निर्णयाने. हावडा–मुंबई गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली लांब पल्ल्याची गाडी त्याच वर्षी सुरू झाली. मंत्र्याच्या चारित्र्याची चर्चा आपण बहुधा त्याने काय खाल्ले नाही एवढ्यापुरतीच करतो. दंडवत्यांच्या बाबतीत ती त्याने कोणाची आठवण ठेवली इथवर न्यावी लागते, कारण दोन इंचाच्या त्या गादीला कोणाची शिफारस नव्हती आणि तिच्यामागे कोणताही दबावगट नव्हता.

कोकण रेल्वेचा पाठपुरावा त्यांनी दोन दशके केला. १९९० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरच्या दारापर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण वाहता झाला. तोपर्यंत दंडवते राजापूरचे खासदार राहिलेले नव्हते.

असे का घडले

‘कोकणी माणूस भाबडा आणि ध्येयवादी’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे, आणि मतदारांवर अन्याय करणारेही. कोकणातला माणूस व्यवहाराला पक्का असतो. त्याच्या निवडीमागे ठोस कारणे होती.

पहिले कारण इथल्या अर्थकारणात आहे. देशावर, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावर, सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ यांच्या साखळीत शेतकरी बांधला गेला. उसाची तोड कधी येणार आणि कर्ज मिळणार का, हे ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध मत देणे अवघड. राजापूर मतदारसंघात ऊस नव्हता. होती ती भाताची लहान खाचरे, आंबा-काजू, मासेमारी, आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, आणि तिच्या जागी दुसरी तितकी घट्ट यंत्रणा उभी राहिली नाही. ज्याच्याकडून काही मिळायचे नाही आणि ज्याला भ्यायचे नाही, अशा उमेदवाराला मतदार माणूस म्हणून तोलू शकतो.

दुसरे कारण चाकरमानी. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या, कारण कर्ते पुरुष मुंबईत. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या होत्या, ग्रामस्थ मंडळे होती. समाजवादी पुढाऱ्यांना हा गिरणगावचा माणूस संपात, मोर्चात, युनियनच्या सभेत वर्षभर जवळून पाहत असे. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी आला की पडवीत गजाली रंगत, त्यात हा सगळा अहवाल येई. गावात राहिलेली बाई उमेदवाराला प्रचाराच्या सभेत पाही आणि तिचा नवरा त्याला मुंबईत पाही. दोघांच्या पाहण्याचा मेळ बसला तरच विश्वास. उमेदवाराची इतकी दुहेरी पारख फार थोड्या मतदारसंघांत होत असेल.

आज उमेदवाराला आपली मालमत्ता आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागतात. ही सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतरची. नाथ आणि दंडवते यांच्या काळात असा कोणताही कागद मतदाराला मिळत नव्हता. जे कळे ते माणसांच्या तोंडून. म्हणून सांगणारा माणूस कोण, याला महत्त्व होते. राष्ट्र सेवा दलात घडलेले शिक्षक, तालुक्याच्या गावचे वकील-डॉक्टर, आणि गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत १९४८ मध्ये उभ्या केलेल्या गोपुरी आश्रमाच्या वळणातले कार्यकर्ते, या लोकांचा शब्द गावात चाले. अप्पासाहेबांनी स्वतः भंगीकाम करून दाखवलेला हा प्रदेश आहे. सार्वजनिक माणसाने कसे जगावे, याचा एक नमुना इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

आक्षेप

या परंपरेवर टीकाही झाली, आणि ती डावलण्यासारखी नाही. खासदार दिल्लीत गाजतो, पण कोकणात रस्ता, पाणी, उद्योग कुठे आहे, हा प्रश्न तीस वर्षे विचारला जात होता. विरोधी बाकावरचा खासदार निधी खेचून आणू शकत नाही, हे त्याचे उघड कारण. पण कारण कळले म्हणून विहिरीला पाणी येत नाही. प्रामाणिक प्रतिनिधी निवडण्याची किंमत या लोकांनी मागासलेपणाच्या रूपाने मोजली, आणि ती जाणूनबुजून मोजली, ही त्यांच्या मताची थोरवी मानली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समाजवाद्यांनी मने घडवली, पण विधानसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत टिकेल अशी संघटना आणि रोजगार देणारी संस्था पुरेशी उभी केली नाही. मालवण तालुक्यातील बॅ. नाथ पै सेवांगणासारखे काम अपवादात मोडते.

१९९१ आणि नंतर

१९९१ मध्ये दंडवते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. राजीव गांधींच्या हत्येचा परिणाम होता आणि जनता दलाची वाताहत झाली होती. परंतु याहून मोठ्या लाटा राजापूरने पूर्वी परतवल्या होत्या. या वेळी पायाखालची जमीनच बदललेली होती. १९८२ च्या गिरणी संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे जगणे विस्कटले. गिरणगाव ओसरू लागले आणि युनियनचा धागा तुटला. चाकरमान्याच्या जगात तिची जागा शिवसेनेच्या शाखेने घेतली, आणि शाखेमार्फत सेना गावात पोचली. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत ते दिसून आले. चारित्र्याची बातमी ज्या वाटेने गावात येई ती वाट बंद झाली. लोकांना प्रामाणिकपणा नकोसा झाला, असा या निकालाचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल.

तसे नव्हते हे पुढच्याच निवडणुकीत कळले. १९९६ ते २००४ अशा सलग चार वेळा या मतदारसंघाने शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून दिले. सनदी लेखापाल, अभ्यासू, स्वच्छ प्रतिमेचे. पसंतीचा माणूस जुन्याच घडणीचा होता, फक्त त्याला आता सेनेची संघटना लागत होती. प्रभूही पुढे रेल्वेमंत्री झाले, आणि ऑगस्ट २०१७ मधील लागोपाठच्या अपघातांनंतर नैतिक जबाबदारी घेत त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. १९५६ च्या अरियालूर अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी घालून दिलेला तो पायंडा होता. २००९ मध्ये नव्या रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात प्रभू पराभूत झाले.

सांगोल्याशी तुलना

राजापूरबरोबर सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघ अभ्यासण्यासारखा आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा निवडून आले. पराभव फक्त दोन, १९७२ आणि १९९५ मधले. दुसरा अवघ्या १९२ मतांनी. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून ते राज्याला परिचित होते. पण सांगोल्याने त्यांना केवळ साधेपणासाठी निवडले नाही. दुष्काळी तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभारली आणि ती नीट चालवली, पाण्यासाठी टेंभू आणि म्हैसाळ योजनांचा पिच्छा पुरवला. सचोटी तिथे लोकांच्या रोजच्या मिळकतीशी जोडली गेली. २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही, तेव्हा त्यांच्या नातवाचा ७६८ मतांनी पराभव झाला. २०२१ मध्ये गणपतराव गेले, आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापच्याच तिकिटावर सांगोल्यातून विधानसभेत गेले. राजापूरच्या समाजवाद्यांच्या वाट्याला असे पुनरागमन आले नाही. गणपतरावांच्या मागे पक्ष, गिरणी आणि गावोगावचे सभासद उरले होते. नाथ आणि दंडवते यांच्या मागे आदर उरला, पण तो मतपेटीपर्यंत नेणारे कोणी उरले नव्हते.